आमच्या माघारी त्याचं कसं व्हायचं

दोन वर्षांपूर्वी आईला पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी मिरजेला ठेवलं होतं. आठ दिवस. अण्णा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, "घराचं मी बघतो. तू दुकानातून सुटलीस की परस्पर तिकडं जात जा." धाकट्या भावाचं काय, हे कुणाच्या मनातही आलं नाही. तो घरातच होता आणि अण्णाही घरातच होते. तिसऱ्या दिवशी तो जेवेना. चौथ्या दिवशी त्यानं गोळी थुंकून टाकली आणि रात्री त्याला फिट आली.

कारण नंतर कळलं. आई दिवेलागणीला उदबत्ती लावते, मग गोळी त्याच्या तळहातावर ठेवते, त्यानं स्वतः तोंडात टाकली की वर गुळाचा खडा देते. अण्णा जेवण झाल्यावर स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडात गोळी घालत होते. एवढाच फरक. माझा भाऊ अडतीस वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक अक्षमता आहे, आणि त्याचा दिवस ठरलेल्या खुणांवर चालतो. खूण चुकली की दिवस मोडतो. त्याच्या नावावरच्या ठेव पावत्या अण्णांना तारखांसकट पाठ होत्या. गुळाचा खडा मात्र आईशिवाय कुणालाच माहीत नव्हता.

त्या रात्रीपासून मी या विषयाच्या मागे लागले. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. वकील नाही, सीए नाही. पण दोन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवून जे समजलं, ते आमच्यासारख्या घरांसाठी साध्या भाषेत मांडते आहे.

बुधवारचा तास

आधी वेळेचं बोलते, कारण खरी अडचण तिथंच आहे. अशा घरातल्या बाईला विचारा, मुलाच्या कायदेशीर पालकत्वाचा अर्ज का केला नाही? ती म्हणणार, "सवड कुठाय?" आणि ते खरं असतं. सकाळी साडेपाचपासून रात्री दहापर्यंत दिवस दुसऱ्याच्या हातात असतो. रोजची कामं तातडीची असतात, हे काम तातडीचं कधीच वाटत नाही. ज्या दिवशी वाटतं, त्या दिवशी उशीर झालेला असतो.

मी आधी सुट्टीच्या दिवशी 'सगळं एकदाच बघून टाकू' असं ठरवत असे. तीन रविवार वाया गेले. सुट्टीला पाहुणे येतात, पापड-कुरडया निघतात, आणि मुख्य म्हणजे कचेऱ्या बंद असतात. मग बुधवारी दुपारी तीन ते चार हा तास शेटजींकडून मागून घेतला, बदल्यात शनिवारी तासभर जास्त बसते. या तासात एकच काम. एका बुधवारी फक्त फोटो काढून आणले. एका बुधवारी फक्त फोन केला, तोही लागला नाही. तरी तो तास झाला असं मी धरते. वर्षाला पन्नासेक बुधवार मिळतात. आमचं जवळजवळ सगळं काम साठ-सत्तर बुधवारांत झालं.

दुसरी सोय भिंतीवरच्या कॅलेंडरची. दुधाचे खाडे जिथं लिहितो, तिथंच याही तारखा. नोव्हेंबरात अण्णांचा हयातीचा दाखला. मार्च संपायच्या आत भावाच्या निरामय आरोग्य विम्याचं नूतनीकरण. एप्रिल ते जून पालकत्वाचा वार्षिक हिशेब. मोबाईलमधली आठवण एकट्या मोबाईलवालीला दिसते, भिंत सगळ्यांना दिसते. मी आजारी पडले तरी अण्णा वाचतील.

आणि एक लाकडी पेटी, माळ्यावर. गावभागातल्या माणसाला याचं कारण सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या खालच्या कपाटात पाणी शिरलं, आणि भावाचं जुनं अपंगत्वाचं प्रमाणपत्र, शाळेचा दाखला, डॉक्टरांचे सगळे कागद यांचा लगदा झाला. आता मूळ कागद माळ्यावर, एक झेरॉक्स संच विश्रामबागला मावशीकडं, आणि फोटो मोबाईलमध्ये.

नाव, हात आणि नजर

पैशांकडं वळते. लोक विचारतात, "किती पैसे ठेवायचे?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, ठेवलेले पैसे त्याच्यापर्यंत पोचतील कसे?

आमच्या धंद्यातलं उदाहरण देते. हरिपूरला हळदीची पेवं होती, अजूनही थोडी आहेत. जमिनीत खोल खणलेली, कोरडी, तोंड बंद केलं की हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. माल शेतकऱ्याचा किंवा व्यापाऱ्याचा, पेव दुसऱ्या कुणाचं, आणि आत उतरणारा हमाल तिसराच. पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं, आत हवा कोंडलेली असते. काही तास उघडं ठेवून, कंदील सोडून बघायचा. तो विझला नाही तर माणूस उतरायचा. म्हणजे माल कुणाचा, काढणार कोण, आणि काठावर उभं राहून बघणार कोण, ही तीन वेगळी माणसं. २००५ च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरलं आणि कितीतरी हळद कुजली. सगळा माल एकाच ठिकाणी ठेवू नये, हेही पेवांनीच शिकवलं.

भावाच्या पैशांचंही तसंच. नाव त्याचं, हात दुसऱ्याचा, नजर तिसऱ्याची. बहुतेक घरांत हे तिन्ही एकाच माणसाच्या भरवशावर सोडलेलं असतं, "थोरला बघेल की." थोरला चांगला असेलही. पण थोरलाही म्हातारा होतो, त्याला कर्ज होतं, त्याचं लग्न होतं.

हात: पालकत्व

पुष्कळांना हे ठाऊक नसतं की मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व कायद्यानं संपतं. मग ते मूल बौद्धिकदृष्ट्या चार वर्षांचं असलं तरी. बँकेत पैसे काढायला गेल्यावर हे कळतं.

यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. तो चारच प्रकारांना लागू होतो: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. तीन महिन्यांतून किमान एकदा तिची बैठक व्हावी अशी तरतूद आहे. आईवडील किंवा नातेवाईक तिच्याकडं अर्ज करू शकतात आणि पालक कोण असावा हे सुचवू शकतात. आमच्याकडं यासाठी विजयनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जावं लागतं. कोर्ट नाही, वकील लागत नाही. मला चार खेपा पडल्या. त्यातली एक नुसती फोटोचा आकार चुकला म्हणून.

इथं एक बारीक गोष्ट आहे. अर्ज करताना पालकत्व कशासाठी हवं हे सांगायचं असतं: देखभालीसाठी, मालमत्तेसाठी, की दोन्हींसाठी. आणि पालक झालं म्हणजे मालक झालं असं नाही. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. पालक हयगय करतो किंवा पैसे खातो असं दिसलं तर त्याला काढून टाकण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. मला हे वाचून बरं वाटलं. कुणीतरी माझाही हिशेब बघणार आहे.

मात्र प्रत्येक दिव्यांग माणसाला पालक लागत नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत. दिसत नाही, चालता येत नाही, ऐकू येत नाही, म्हणून त्या माणसाची सही कुणी दुसऱ्यानं करायची नसते. सेरेब्रल पाल्सी असलेली कितीतरी माणसं स्वतःचे व्यवहार चोख बघतात. आमच्या गल्लीतला एक मुलगा चाकाच्या खुर्चीवरून झेरॉक्सचं दुकान चालवतो, आणि त्याचा काका अजून त्याच्यासमोरच विचारतो, "ह्याच्या पैशाचं कोण बघतं?" मानसिक आजाराचं प्रकरण निराळं आहे. तो राष्ट्रीय न्यास कायद्यात येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचारांसाठी नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, मालमत्तेसाठी मात्र न्यायालयाची वाट धरावी लागते.

किती लागतील

आता रकमेचं. मी हळदीच्या पट्टीसारखा हिशेब केला, एका पानावर. आज त्याला महिन्याला काय लागतं? खाणं, औषधं, तो जातो त्या दिव्यांगांच्या कार्यशाळेची फी, रिक्षा, कपडे, मिळून दहा हजार. आई थकल्यावर एक माणूस ठेवावा लागेल, त्याचे आठ हजार धरले. अठरा हजार. त्याला नक्की मिळणारं उत्पन्न बारा हजार धरलं (त्याचं खाली सांगते). तूट सहा हजारांची, म्हणजे वर्षाला ७२,०००.

महागाईनं लोक इथंच गडबडतात. सहा टक्के महागाई धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट आणि चोवीस वर्षांत चौपट होतो. म्हणजे आजचे महिन्याचे अठरा हजार तेव्हाचे बहात्तर हजार. आकडा ऐकून छाती दडपते आणि माणूस वही मिटतो. मी सोपी युक्ती केली. व्याज महागाईत गेलं असं धरलं. मग तूट गुणिले वर्षं. ७२,००० गुणिले पस्तीस, म्हणजे पंचवीस लाखांच्या आसपास, आजच्या पैशांत. हा हिशेब काटेकोर नाही. पण 'खूप लागतील' या भीतीपेक्षा 'पंचवीस लाख' हा आकडा बरा. त्याच्याकडं बघून पुढचं ठरवता येतं. राहतं घर आहेच, एक गाळा आहे, थोडी ठेव आहे. आम्ही अर्ध्याच्या वर आधीच आलो होतो आणि आम्हालाच ते माहीत नव्हतं.

वरचे बारा हजार आले कुठून? अण्णा जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. राज्याच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे अण्णांनंतर आईला कुटुंब निवृत्तिवेतन, आणि आईनंतर स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला ते तहहयात मिळू शकतं. हे पेन्शन महागाई भत्त्यासह वाढत जातं, म्हणून मी त्याला सोन्याची कोंबडी म्हणते. पण मुलाचं नाव, त्याचं अपंगत्व आणि तो कमावू शकत नाही याचा वैद्यकीय दाखला, हे सगळं पेन्शनर हयात असतानाच कार्यालयात नोंदवून ठेवावं. नंतर तेच काम करायला गेलं तर प्रत्येक टेबलावर 'आधी का नाही नोंदवलं' हा प्रश्न येतो आणि उत्तर देणारा माणूस फोटोत असतो. खासगी कारखान्यात पीएफ भरणाऱ्यांनीही ऐकावं: कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मध्ये कायम आणि पूर्ण अपंग अपत्याला वयाची अट न लावता आयुष्यभर पेन्शनची तरतूद आहे.

पेन्शन नसलेल्या घरांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, अर्ज तहसीलला. दिव्यांगांचं अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये झालं. आमचं घर यात बसत नाही. आमच्या धुणंवालीच्या मुलीला मिळतं, आणि मी तिच्याबरोबर दोन बुधवार घालवले. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाच्या ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, हे खेड्यातल्या लोकांनी ग्रामसभेत विचारावं. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक कागद: यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र. सिव्हिल हॉस्पिटलच्या वैद्यकीय मंडळाकडून तपासणी होते. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात.

विम्यात राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे, वरच्या चार प्रकारांसाठी. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण. आधीपासूनचा आजार म्हणून नाकारत नाहीत, वैद्यकीय तपासणीही नाही. हप्ता दारिद्र्यरेषेवरच्यांना पहिल्या वर्षी ५०० रुपये, नूतनीकरणाला २५० रुपये. खासगी विमा कंपन्या भावाचं नाव ऐकूनच फोन ठेवत होत्या, त्यामुळं या छोट्या रकमेचंही मला अप्रूप आहे.

करातली सवलत: जो सांभाळतो त्याला उत्पन्नातून ७५,००० रुपयांची वजावट, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. प्रत्यक्ष खर्चाच्या पावत्या लागत नाहीत. अवलंबून असलेल्या भावंडासाठीही मिळते. ही ८०डीडी म्हणून ओळखली जाणारी वजावट जुन्या करपद्धतीतच आहे, आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, म्हणून सीएला 'अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठीची वजावट' असं सांगा, कलमाचा आकडा नको. मतिमंद मुलाच्या पालकांना महाराष्ट्रात व्यवसाय करातूनही सूट आहे. पगारातून दरवर्षी २,५०० रुपये कापले जात असतील तर कार्यालयाला विचारा.

नाव: वारस, नॉमिनी आणि अंगठा

तासगावकडं आमची आजोबांची पाऊण एकर द्राक्षबाग आहे, सामाईक. मागच्या दिवाळीत चुलते म्हणाले, "तो काय करणार जमिनीचं? हक्कसोडपत्रावर अंगठा घेऊन टाकू, सातबारा मोकळा होईल." त्यांच्या मनात पाप नव्हतं, असं मी धरून चालते. पण हिंदू वारसा कायदा, १९५६, कलम २८ स्पष्ट सांगतं की आजार, व्यंग किंवा विद्रूपता या कारणानं कुणाचाही वारसाहक्क जात नाही. त्याचा हिस्सा माझ्याइतकाच. आणि ज्याला कागदात काय लिहिलंय ते समजत नाही, त्याचा अंगठा करारात टिकत नाही, उद्या तोच कागद सगळ्यांच्या गळ्यात येतो. अण्णा एवढंच म्हणाले, "अंगठा त्याचा आहे, आपला न्हाई." चुलते चहा न घेता गेले. पाडव्याला परत आले.

नॉमिनीचा गोंधळ तर घरोघर. बँकेत नॉमिनी म्हणून माझं नाव लावलं की पैसे माझे, असं अण्णांना वाटत होतं. तसं नाही. नॉमिनी हा पैसे हातात घेणारा विश्वस्त. मालक कोण हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं. नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. सोय चांगली आहे, पण चार नावं लावली म्हणजे वाटणी झाली असं समजू नका.

म्हणून मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार हवेत. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. अण्णांनी त्यात माझ्या पालकत्वाबद्दलची इच्छाही लिहिली, माझ्यानंतर कोण हेही. नेमणूक समितीच करते, पण लिहिलेली इच्छा समोर असलेली बरी.

आता सगळ्यात मोठी चूक, जी आम्हीही करणार होतो: सगळं भावाच्या नावावर करून टाकणं. वरवर प्रेमाचं वाटतं. पण त्याच्या नावावर मोठी रक्कम असली की ती हलवायला प्रत्येक वेळी कागद लागतात, आणि सहज फसवला जाऊ शकणारा माणूस श्रीमंत करून ठेवणं हे त्याच्यावर उपकार नव्हेत. दुसरं टोक म्हणजे सगळं माझ्या नावावर, 'तू बघ त्याचं'. मग ते पैसे कायद्यानं माझे. माझ्यावर कर्ज झालं तर त्यात जाणार, मी गेले तर माझ्या मुलांचे होणार.

मधला रस्ता खासगी न्यासाचा, म्हणजे ट्रस्टचा. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखाली. देवळाचा ट्रस्ट असतो तो सार्वजनिक, हा घरगुती. पैसे देणारा, सांभाळणारे विश्वस्त, आणि ज्याच्यासाठी तो लाभार्थी. घर किंवा जमीन त्यात घालायची असेल तर दस्त नोंदवावा लागतो. मृत्युपत्रातूनही न्यास उभा करता येतो, म्हणजे आत्ता काही हलवायला नको.

न्यासाच्या दस्तात वकिलानं आम्हाला एक प्रश्न विचारला: भावानंतर उरलेलं कुणाला? अण्णा सहज म्हणाले, "जो सांभाळेल त्याला." वकील थांबले. म्हणाले, "गुरुजी, मग तो जेवढं कमी खर्च करेल तेवढं त्याला जास्त उरेल." सांभाळणाऱ्यालाच शिल्लक मिळणार असेल, तर दात दुखतोय की नाही हे तो जरा सावकाश बघतो. चांगला माणूससुद्धा. आम्ही उरलेलं अर्धं भाच्यांना आणि अर्धं भावाच्या कार्यशाळेसारख्या संस्थेला असं लिहिलं, विश्वस्त मी आणि घराबाहेरचे एक निवृत्त बँकवाले, आणि दोघांच्या सह्यांशिवाय ठेव मोडायची नाही. सांभाळणाऱ्याला महिन्याचं मानधनही ठरवून दिलं. फुकट काम करणाऱ्याला जाब विचारता येत नाही.

थोडीच रक्कम असेल तर न्यासाचा खटाटोप परवडत नाही, हेही सांगते. तेव्हा पालकामार्फत काढलेलं पोस्टाचं मासिक प्राप्ती खातं, पीपीएफ, पेन्शनची नोंद आणि एक स्वच्छ मृत्युपत्र एवढ्यावर भागतं. वडील तरुण आणि कमावते असतील, तर त्यांनी मुदत विमा १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली घ्यावा. ते पैसे बायकामुलांचेच राहतात, वडिलांना कर्ज देणाऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. अर्ज भरतानाच सांगावं लागतं, नंतर नाही.

आणि पतसंस्था. आमच्या भागात यावर बोललं की लोक मान खाली घालतात. एक टक्का जास्त व्याज म्हणून अण्णांनी भावाच्या नावे एका पतसंस्थेत ठेवलेले पैसे सहा वर्षं अडकले, अर्धेच परत आले. बँकेत प्रत्येक ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत ठेव विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. ज्याला पुन्हा कमावता येणार नाही त्याचे पैसे पेवाच्या तळाशी असावेत, तोंडाशी नव्हे.

वही

हे सगळं झालं तरी गुळाचा खडा कुठंच लिहिलेला नव्हता. म्हणून एक दोनशे पानी वही आणली. उजवीकडं त्याचा दिवस, तासातासानं. डावीकडं का, ते. सहाला उठतो, पण दिवा लावायचा नाही, खिडकी उघडायची. पोळी तुकडे करूनच ताटात. भडंगात शेंगदाणे चालतात, डाळं नाही. पावसाळ्यात नदीचा विषय त्याच्यासमोर काढायचा नाही. २०१९ ला बोटीतून बाहेर काढलं तेव्हापासून. गणपतीच्या देवळात मंगळवारी नको, गर्दीला घाबरतो, बुधवारी सकाळी न्यायचं. फिट आली तर किती मिनिटं वाट बघायची आणि कुणाला फोन करायचा, हे लाल शाईनं पहिल्याच पानावर. औषधांची नावं, मात्रा, आणि कुठली गोळी पूर्वी सोसली नव्हती. त्याला कोण आवडतं. कोण आवडत नाही, हेही, आणि त्यातल्या एका नावावरून घरात दोन दिवस अबोला होता.

ही वही आईनं सांगितली, मी लिहिली. आईला सांगता येईना, कारण ती जे करते ते तिला ठाऊकच नाही, हात करतात. मग मी तिच्यामागे घड्याळ घेऊन चार दिवस फिरले.

मागच्या महिन्यात आईला दोन दिवस कराडला मामाकडं पाठवलं, मुद्दाम. मीही घरी नव्हते. अण्णा आणि शेजारच्या काकू, आणि वही. पहिल्या दिवशी गोळी घेतली, जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात उभा राहून तासभर रडला. अण्णांनी वही उलटीपालटी केली, काही सापडेना. शेवटी काकूंच्या ध्यानात आलं: आई रोज सहाच्या सुमारास अंगणात पाणी मारते, आणि बादली तो धरतो. पहिल्या दिवशी पाऊस पडला होता, म्हणून कुणाला चुकलं नाही. काकूंनी बादली भरून दिली.

बुधवारी ते पान सतरावर लिहिलं.